गावच्या दूध संस्थेच्या वेबअ‍ॅपला लॉगिन कसलं द्यावं? पासवर्ड, ओटीपी, पासकी की आणखी काही

धारवाट (धागाकर्ता) | सोमवार, सकाळी ७:५२

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या दूध संस्थेसाठी मी एक वेबअ‍ॅप लिहितोय. गाव कोल्हापूर जिल्ह्यात, भुदरगडच्या बाजूला. नोकरी पुण्यात असल्यामुळे काम फक्त शनिवार-रविवारी होतं. सभासद ६४०. सकाळ-संध्याकाळच्या संकलनाचे आकडे मशिनवरून थेट येतात: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर. सभासदाला आपलं दूध, पशुखाद्याची कपात, उचल आणि दहा दिवसांचा पगार फोनवर दिसावा, एवढाच हेतू आहे. आज हे सगळं स्लिपवर मिळतं. पण स्लिप भिजते, हरवते, आणि दिवाळीत फरक बिल (वर्षभराच्या दरातला फरक) निघालं की वाद होतात. वडील २२ वर्षं संस्थेचे सचिव होते. फरक बिलाच्या आठवड्यात त्यांना रात्र-रात्र वह्या उलटताना मी पाहिलंय, म्हणून हे काम मनावर घेतलंय.

जँगो (वेबअ‍ॅपचा तयार सांगाडा) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर मागची बाजू तयार आहे. अडलोय ते लॉगिनवर. सभासद क्रमांक आणि पासवर्ड दिला तर लोक विसरणार. मोबाइल नंबर आणि एसएमएस ओटीपी सगळ्यांच्या सवयीचा आहे. गूगलने लॉगिन फुकट आहे. ऑफिसात आता पासकी (पासवर्डऐवजी फोनचं लॉक उघडून आत जायची पद्धत) आली आहे आणि मला ती फार आवडली, पण गावात चालेल का कळत नाही. ज्यांनी अशी कामं केली आहेत त्यांनी कृपया सांगा. घाई नाही, मला हे नीट करायचंय.

---

तिसरी पाळी | सोमवार, सकाळी ९:१५

ओटीपीचं मी सांगतो, कारण त्यात हात पोळलेत.

आधी कागदपत्रं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थेला डीएलटीवर (असे एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणीची ऑपरेटरांची यंत्रणा) नोंदणी करावी लागते. मग सहा अक्षरी हेडर (एसएमएसवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) मंजूर करून घ्यायचा, त्यानंतर संदेशाचा मजकूर शब्दन् शब्द मंजूर करून घ्यायचा. पुढे मजकुरात एक शब्द जरी इकडचा तिकडे केला तरी ऑपरेटर संदेश अडवतो. हे एकदाच करायचं आहे, पण संस्थेच्या नावाने करायचं म्हणजे सह्या आणि शिक्के आले. एक-दोन शनिवार त्यातच जातील.

दुसरी गोष्ट खर्चाची. एका एसएमएसला पैसे थोडेच पडतात म्हणून आम्ही निर्धास्त होतो. एका क्लायंटच्या साइटवर ओटीपी मागायचं पान उघडं होतं, ना नंबरवर मर्यादा ना आयपीवर (इंटरनेटवरचा पत्ता). शनिवारी रात्री कुणीतरी त्या पानावर स्क्रिप्ट सोडली. लोकांना एसएमएसचा भडिमार करून छळणाऱ्या ज्या साइट असतात, त्या असलीच उघडी पानं शोधून वापरतात. सोमवारी सकाळी पाहिलं तर ४१ हजार एसएमएस गेलेले, आगाऊ भरलेली रक्कम शून्यावर, आणि खरे ग्राहक दोन दिवस बाहेर ताटकळलेले. ते बिल आम्ही भरलं. पैशांपेक्षा मला त्या लोकांचं वाईट वाटलं, ज्यांचा फोन आमच्या नावाने रात्रभर वाजत राहिला.

तेव्हा ओटीपी ठेवणार असाल तर नंबरमागे तासाला ठराविकच संदेश, आयपीमागे वेगळी मर्यादा, आणि नंबर सभासद यादीत नसेल तर एसएमएस पाठवायचाच नाही. मात्र पडद्यावर दोन्ही वेळा उत्तर सारखंच दाखवा, नाहीतर कुठला नंबर सभासदाचा आहे हे बाहेरच्याला कळतं. कोड सहा अंकी. चार अंकी म्हणजे फक्त १० हजार शक्यता. आणि पाच चुकांनंतर तो कोड बाद.

---

कोरी पाटी | सोमवार, सकाळी १०:०४

मी शिकतोय अजून, चुकलं तर सांगा. अँड्रॉइड फोन म्हटला की जीमेल असतंच ना? मग गूगलने लॉगिन का नको? पासवर्ड साठवायची जबाबदारीच उरत नाही.

---

उंबरठा | सोमवार, दुपारी १:३०

कोरी पाटी, प्रश्न रास्त आहे. शहरातल्या अ‍ॅपसाठी मी बहुधा तेच सुचवलं असतं. पण माझ्या आईच्या फोनमधलं जीमेल मोबाइलच्या दुकानदाराने काढून दिलंय. पत्ता तिला पाठ नाही, पासवर्ड दुकानदारालाही आठवत नाही. फोन बदलला की नवं जीमेल निघतं. गावात हे सर्रास आहे. असं खातं म्हणजे त्या फोनपुरतं खातं, त्यावर सभासदाची ओळख कशी टांगायची?

तरीही कुणी गूगलचं लॉगिन लावणार असेल तर एक गोष्ट नक्की पाळा. डेटाबेसमध्ये खातं ईमेलवरून जोडू नका. ओपनआयडी कनेक्टमध्ये (गूगलचं लॉगिन ज्या पद्धतीवर चालतं ती) 'सब' नावाचा एक ओळखक्रमांक मिळतो, तो त्या माणसासाठी कायम राहतो. ईमेल बदलू शकतो, दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. मी पाहिलेल्या चुकांत ही सगळ्यात जास्त वेळा दिसली आहे.

धारवाट, तुम्हाला उलटा प्रश्न विचारते. सभासदाचा फोन विहिरीत पडला. नवा फोन, नवं सिम. आता तो आत कसा येणार? याचं उत्तर आधी लिहा आणि मगच लॉगिनची पद्धत निवडा. समोरच्या दाराला कितीही भारी कुलूप लावलं, तरी 'पासवर्ड विसरलात?' हे मागचं दार जेवढं मजबूत तेवढंच घर मजबूत. पासकी लावली आणि पासकी हरवल्यावर एसएमएस ओटीपीने आत घेतलं, तर तुमची सुरक्षा एसएमएस ओटीपीएवढीच आहे, पासकीएवढी नाही.

---

रानवाट | सोमवार, संध्याकाळी ६:४८

मी तंत्रातली नाही. गेली ११ वर्षं महिला बचत गटांबरोबर काम करते. तुमच्या चर्चेत फोन म्हणजे एका माणसाचा फोन असं धरून चाललंय, म्हणून लिहिते आहे.

गोठ्यात शेण काढण्यापासून धार काढण्यापर्यंत बाई राबते. काही ठिकाणी सभासदत्वही तिच्या नावावर असतं, कारण आम्ही बँकेत आणि संस्थेत भांडून ते करून घेतलंय. पण संस्थेच्या रजिस्टरला नंबर कुणाचा? नवऱ्याचा, नाहीतर मुंबईत असणाऱ्या मुलाचा. तुमचा ओटीपी तिथे जाणार. म्हणजे स्वतःच्या दुधाचा पगार किती झाला हे बघायला तिने मुलाला फोन करायचा, तो कामावर असला तर संध्याकाळपर्यंत थांबायचं. आज निदान स्लिप तिच्या हातात येते. अ‍ॅप आल्यावर तीही तिच्या हातातून जाणार असेल तर ते अ‍ॅप तिच्या काय कामाचं?

कृपया हे मनात ठेवा. नियम काहीही करा, पण आकडा जिच्या नावावर आहे तिला दिसला पाहिजे.

---

धारवाट | सोमवार, रात्री ११:२०

रानवाटताई, मनापासून आभार. रात्री जेवण झाल्यावर वडिलांना फोन लावला आणि रजिस्टर काढायला सांगितलं. ६४० पैकी १८७ सभासद स्त्रिया. त्यातल्या किती जणींच्या नावापुढे स्वतःचा नंबर आहे असं विचारलं. वडील नावं वाचत गेले आणि मी मोजत गेलो. ५२ निघाल्या. एका नंबरावर तीन सभासद असलेली १९ घरं आहेत. मी डेटाबेसमध्ये मोबाइल नंबरला 'युनिक' (एक नंबर एकाच सभासदाला) लावून ठेवलं होतं. ते आजच काढलं.

---

जुना सर्व्हर | मंगळवार, सकाळी ६:३५

नंबरच्या बाबतीत आणखी एक. आपल्याकडे बंद पडलेला नंबर ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. रिचार्ज न केल्यामुळे सिम बंद होणं गावात नेहमीचं. म्हणजे मागच्या पावसाळ्यातला तुमच्या सभासदाचा नंबर आज नागपूरच्या कुणाकडे असू शकतो. त्या भल्या माणसाने काहीही केलेलं नसताना तुमचं अ‍ॅप त्याला सभासद समजून आत घेईल. सिम बदलून फसवणूक होते ती वेगळीच. त्यासाठी ट्रायने जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस पोर्टिंग बंद केलंय. पण ही नुसती वाट लांबवणं झालं, दार बंद झालेलं नाही.

बँका ओटीपी वापरतात मग आपण का नको, असं कुणी म्हणेल. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल पेमेंटसाठी नवे निर्देश काढले, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू. ओळख पटवायचे दोन घटक हवेतच, पण दुसरा घटक एसएमएसच असला पाहिजे असा आग्रह त्यात नाही. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने तर २०१७ मध्येच एसएमएसला मर्यादित दर्जाची पद्धत म्हटलं होतं.

आता पासवर्डविषयी. त्याला एवढं मोडीत काढू नका, फक्त ज्याला त्याची गरज आहे त्याच्याकडूनच मागा. धारवाट, तुमच्याकडे दोन प्रकारचे लोक आत येणार. ६४० सभासद फक्त बघणार. सचिव, लिपिक आणि फॅट तपासणारा टेस्टर आकडे बदलणार. या दोघांना एकच लॉगिन का? सभासदाचं खातं उघडं पडलं तर एका घराचा पगार दिसेल. वाईट आहे, पण तेवढंच. सचिवाचं खातं फुटलं तर ६४० घरांचा पगार बदलता येईल.

कर्मचाऱ्यांसाठी लांब पासवर्ड आणि त्यावर पासकी किंवा ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा ३० सेकंदांनी बदलणारा कोड. एनआयएसटीच्या २०२५ च्या आवृत्तीत पासवर्ड एकटाच असेल तर किमान १५ अक्षरं मागितली आहेत. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह असली सक्ती करू नका, आणि दर ९० दिवसांनी बदलायलाही लावू नका. लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात आणि कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवतात. त्यापेक्षा नवा पासवर्ड फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत आहे का ते तपासा. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड्या मजकुरात बाहेर पडले आणि त्यात पहिल्या नंबरावर १२३४५६ होता. लिंक्डइनचे २०१२ मध्ये गेले ते हॅश केलेले (सहज उलटं फिरवता न येणाऱ्या रूपात बदललेले) होते, पण मीठ न घालता (प्रत्येक पासवर्डला वेगळी भलतीच अक्षरं न जोडता) आणि एसएचए-१ या झटपट चालणाऱ्या पद्धतीने, त्यामुळे भराभर उलगडले. आधी ६५ लाख म्हणाले, २०१६ मध्ये आकडा ११ कोटी ७० लाखांवर गेला. जँगोत आर्गॉन२ ही हॅशची भक्कम पद्धत लावायला दोन ओळी लागतात. लावून टाका.

---

शाईची दौत | मंगळवार, दुपारी १२:१०

जुना सर्व्हर यांनी हॅशचा विषय काढलाच आहे तर मराठीतून पासवर्ड टाइप करणाऱ्यांसाठी थोडं लिहितो. यावर मी तीन वर्षं काम केलंय आणि कुठल्याच ट्यूटोरियलमध्ये हे सापडत नाही.

बीक्रिप्ट ही हॅशची आणखी एक पद्धत, ती ७२ बाइटच्या पुढचं बघत नाही. बऱ्याच लायब्रऱ्या पुढचा भाग गुपचूप कापतात, काही चूक दाखवतात. इंग्रजीला ७२ बाइट भरपूर झाले. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत. 'वासरांच्या' घ्या. डोळ्याला चार अक्षरं दिसतात, संगणकाला दहा चिन्हं, म्हणजे ३० बाइट. असे अडीच शब्द झाले की बीक्रिप्टची हद्द संपली. तुम्ही विश्वासाने सहा शब्दांचं वाक्य टाकता आणि प्रत्यक्षात पहिले अडीचच तपासले जातात.

त्याहून त्रासदायक म्हणजे 'दुसऱ्या', 'कोऱ्या', 'वाऱ्या' यातला अर्धा र. तो दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त पाठवतात. काही साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक पाठवतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, बाइट मात्र वेगळे. युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) केलं तरी हे दोन एक होत नाहीत, कारण तो अदृश्य जोडक तसाच राहतो. म्हणजे एका फोनवर ठेवलेला पासवर्ड दुसऱ्या फोनवर चुकीचा ठरतो आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. माझ्या मामांनी एका साइटवर तीन दिवस असं झगडून शेवटी नाद सोडला. त्यांचा पासवर्ड अगदी बरोबर होता.

जँगो सदस्यनाव नॉर्मलाइझ करतो, पासवर्ड करत नाही. हॅश करण्याआधी नॉर्मलाइझ करा आणि त्या र साठी एक बदल स्वतः लिहा. आणि अंक. मराठी कीबोर्डवरून ५ टाइप केला तर तो देवनागरी ५ जातो, डेटाबेसमधल्या इंग्रजी ५ शी जुळत नाही. नॉर्मलायझेशन अंकांनाही हात लावत नाही. सभासद क्रमांक, पिन, कोड, सगळीकडे दहा अंकांचं रूपांतर आधी करून घ्या.

---

तिसरी पाळी | मंगळवार, दुपारी १२:४१

अंकांचं हे आमच्याकडेही झालं होतं आणि आम्ही दीड दिवस एसएमएस कंपनीशी भांडत होतो. धन्यवाद दौत.

---

धारवाट | मंगळवार, रात्री १०:५५

केवढं शिकायला मिळालं. पासकीबद्दल कुणीतरी लिहा ना. मन अजून तिथेच अडकलंय.

---

उंबरठा | बुधवार, सकाळी ८:२०

पासकीवर माझं प्रेम आहे, म्हणून नीट लिहिते.

पासकीमागचं वेबऑथन २०१९ च्या मार्चमध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झालं. मे २०२२ मध्ये अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनी एकत्र येऊन ते सामान्य माणसापर्यंत न्यायचं ठरवलं. फोन किल्ल्यांची एक जोडी बनवतो. खाजगी किल्ली माणसाकडेच राहते, सार्वजनिक तुमच्या सर्व्हरवर. लॉगिनच्या वेळी सर्व्हर एक आकडा पाठवतो, फोन त्यावर सही करून परत देतो. तुमचा डेटाबेस उद्या फुटला तरी चोराच्या हाती निरुपयोगी सार्वजनिक किल्ल्याच लागतील. आणि पासकी डोमेनला बांधलेली असते. हुबेहूब दिसणारी खोटी साइट काढली तरी फोन तिथे सही करतच नाही. ओटीपी माणसाला बोलण्यात गुंतवून काढून घेता येतो. पासकी फोनवर वाचून दाखवायची म्हटलं तरी दाखवता येत नाही. सचिवांसाठी आणि लिपिकासाठी डोळे मिटून हीच लावा, प्रत्येकाला दोन उपकरणांवर.

सभासदांसाठी मात्र तीन गोष्टी आडव्या येतात. अँड्रॉइड ९ आणि स्क्रीन लॉक लागतं. आमच्या गावात निम्म्या फोनना लॉक नसतं, कारण फोन घरात सगळ्यांचा. पासकी गूगल खात्यात जपली जाते, आणि त्या खात्याचं काय होतं ते वर लिहिलंय. शिवाय घरच्या फोनवर ज्याला लॉक उघडता येतं, त्याला पासकीही वापरता येते. रानवाटताईंच्या मुद्द्याचं उत्तर त्यात नाही.

एक सावधगिरी. डोमेन आधी पक्कं करा. नंतर बदललंत तर जुन्या पासक्या नव्या पत्त्यावर चालणार नाहीत.

माझा परवाचा प्रश्न अजून तसाच आहे. फोन विहिरीत पडला, आता पुढे?

---

धारवाट | बुधवार, रात्री ९:३०

उंबरठाताई, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात घोळत होता. आज बसमध्ये उत्तर सुचलं.

सभासद दिवसातून दोनदा संकलन केंद्रावर येतो! सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेसहाला. काट्यावर बसलेला माणूस त्याला नावाने, घराने, म्हशीच्या फॅटने ओळखतो. कुठली बँक आपल्या ग्राहकाला दिवसातून दोनदा समोरासमोर बघते? आणि स्लिपचा प्रिंटर तिथेच आहे. मग एसएमएस कशाला? सभासदाने मागितलं की त्याच्या स्लिपवर आठ अंकी कोड छापायचा. तो कोड सभासद क्रमांकाबरोबर फोनवर टाकला की तो फोन त्या खात्याला जोडला गेला. पुढे रोज उघडायला सहा अंकी पिन. फोन विहिरीत पडला तर संध्याकाळी दूध घालायला येईल तेव्हा नवा कोड घेऊन जाईल.

---

जुना सर्व्हर | गुरुवार, सकाळी ६:१०

हे फार चांगलं आहे. आता त्यात भोकं शोधू या, म्हणजे उद्या दुसऱ्याला सापडायला नकोत.

साधा सभासद क्रमांक आणि पिन असता तर मी विरोध केला असता. क्रमांक १ ते ६४०, सगळ्यांना माहीत. हल्लेखोर एका खात्यावर हजार पिन टाकत नाही. तो १२३४५६ हा एकच पिन ६४० खात्यांवर टाकतो, आणि प्रत्येक खात्यावर एकच चूक पडल्यामुळे तुमचं कुलूप लागतच नाही. शिवाय पाच चुकांनी खातं बंद होत असेल तर कुणीही मुद्दाम शेजाऱ्याचं खातं बंद पाडेल. तुमच्या पद्धतीत न जोडलेल्या फोनवरून पिनचं पानच उघडत नाही, म्हणून दोन्ही टळतं.

आठ अंकी म्हणजे १० कोटी शक्यता. पाच चुकांनंतर कोड बाद, एकदा वापरला की बाद, आणि पुढच्या संकलनापर्यंतच चालू. डेटाबेसमध्ये त्याचा हॅशच ठेवा.

---

रानवाट | गुरुवार, सकाळी ११:२५

दूध घालायला दर वेळी सभासद जात नाही. नातू जातो, शेजारची पोरगी आपल्या किटलीबरोबर यांचीही घेऊन जाते. स्लिप तिच्या हातात पडते. केंद्राच्या पायरीवर रोज शंभर स्लिपा पडलेल्या असतात, तुम्हीही बघितल्या असतील.

म्हणून कोड मागायला सभासदाने स्वतः यावं आणि वहीत सही किंवा अंगठा करावा. घरातला कर्ता पुरुष आला आणि 'तिचा मीच घेऊन जातो' म्हणाला, तर सचिवाने नम्रपणे नाही म्हणावं. सचिवाला गावात राहायचं असतं, त्याला हे अवघड जातं. नियम संस्थेच्या सभेत ठराव करून घ्या, म्हणजे तो 'ठरावच आहे' असं सांगू शकेल.

---

उंबरठा | गुरुवार, दुपारी २:०५

ताईंनी पाहिलं ते भोक सगळ्यात मोठं होतं.

उरलेला धोका केंद्रातल्या माणसाचा. लिपिक कुणाच्याही नावाने कोड काढून आपला फोन जोडू शकतो. ते थांबवता येणार नाही, पण लपणार नाही असं करता येईल. नवा फोन जोडला गेला की पुढच्या पगाराच्या बिलावर एक ओळ छापा: 'या पगारात आपल्या खात्याला एक नवीन फोन जोडला गेला.' बिल सभासदाच्या हातात जातंच. अ‍ॅपमध्ये जोडलेल्या फोनांची यादी आणि 'काढून टाका' बटण द्या. कोड कुणी, कधी काढला याची नोंद लिपिकाला पुसता येणार नाही अशी ठेवा.

आणि बँक खाते क्रमांक अ‍ॅपमधून बदलता येणार नाही असं करा. जे फक्त बघायचं आहे ते बघायचंच राहू द्या.

---

तिसरी पाळी | गुरुवार, संध्याकाळी ७:१२

सेशनबद्दल, म्हणजे लॉगिननंतर माणूस आत आहे या नोंदीबद्दल. कुणाच्या तरी सल्ल्याने जेडब्ल्यूटी (सर्व्हरने सही करून दिलेलं टोकन, म्हणजे आत यायचा पास) लावू नका. आमच्याकडे ३० दिवसांचे टोकन दिले होते. एक ऑपरेटर नोकरी सोडून गेला, त्याचं खातं आम्ही त्याच दिवशी बंद केलं, आणि त्याच्या खिशातलं टोकन पुढे तीन आठवडे चालत राहिलं, कारण सर्व्हर ते फक्त सही बघून आत घेत होता. तुमच्या अ‍ॅपला जँगोचं साधं डेटाबेसमधलं सेशन पुरे. ओळ पुसली की माणूस बाहेर.

फोन ओळखायची कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी खूण) वेगळी आणि लांब मुदतीची ठेवा, जावास्क्रिप्टला न दिसणारी आणि फक्त एचटीटीपीएसवर जाणारी. क्रोम ४०० दिवसांपेक्षा जास्त मुदत देत नाही, म्हणून प्रत्येक भेटीत ती नव्याने द्या. पिन बरोबर आला की सेशनचा क्रमांक बदला. जँगोचं स्वतःचं लॉगिन वापरलंत तर तो हे आपोआप करतो, स्वतः लिहिलंत तर विसरायला होतं.

---

कोरी पाटी | गुरुवार, रात्री ८:०३

कोड टाइप करण्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर लॉगिनची लिंक पाठवली तर?

---

उंबरठा | गुरुवार, रात्री ८:४०

लिंक दुसऱ्याला फॉरवर्ड करता येते, आणि घराच्या ग्रुपवर गेली की कुणीही आत. दुसरं, काही मेल सर्व्हर आणि चॅट अ‍ॅप लिंकमध्ये काय आहे ते बघायला ती आधीच उघडतात. एकदाच चालणारी लिंक माणसाने बोट लावण्याआधी संपलेली असते. कुणाला लिंक वापरायचीच असेल तर ती उघडल्यावर फक्त एक बटण दाखवावं आणि बटण दाबल्यावरच लॉगिन करावं.

---

धारवाट | सहा आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:१५

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा.

संस्थेच्या मासिक सभेत ठराव झाला. वडिलांनी तो स्वतः मांडला. पहिल्या टप्प्यात ४० सभासद घेतले, त्यातल्या १६ स्त्रिया. सचिव आणि दोन लिपिकांना पासकी दिली, प्रत्येकी फोन आणि केंद्रातला संगणक. लिपिकांना सुरुवातीला वाटलं की बोटाचा ठसा संस्थेकडे जातोय. तो फोनच्या बाहेर जात नाही हे समजावायला एक अख्खी संध्याकाळ गेली, पण ते पटल्यावर सगळ्यात जास्त कौतुक त्यांनीच केलं.

चुका दोन झाल्या. स्लिपच्या प्रिंटरवर आठ अंक सलग छापले तर शाई फिकी असताना ३ आणि ८ सारखे दिसत होते. आता चार-चारचे दोन गट मोठ्या अक्षरात छापतो. दुसरं, कोडची मुदत 'पुढच्या संकलनापर्यंत' ठेवली होती. सकाळी कोड घेतलेली माणसं दिवसभर रानात असतात, संध्याकाळी घरी येऊन नातवाकडून टाकतात, तोवर मुदत संपलेली. आता पूर्ण २४ तास केली. एवढ्याने धोका वाढतो का, हे जाणकारांनी सांगावं.

बिलावरच्या ओळीचं सांगतो. दुसऱ्या पगाराला एक मावशी बिल घेऊन वडिलांकडे आल्या. वाचता येत नाही त्यांना, नातवाने वाचून दाखवलं होतं. म्हणाल्या, "फोन मी जोडला न्हाई, मग कुणाचा हाय ह्यो?" नोंद काढली. कोड त्यांच्याच अंगठ्यावर निघालेला, पण घरी गेल्यावर दिराच्या मुलाने तो आपल्या फोनवर टाकला होता. वडिलांनी त्यांच्यासमोर तो फोन काढून टाकला. आठवड्याने मावशी आपल्या मुलीचा जुना फोन घेऊन आल्या, केंद्रावर उभ्या राहून जोडून घेतला, पिन स्वतः टाकला आणि दहा दिवसांचं दूध मोठ्याने मोजून घेतलं.

---

रानवाट | रविवार, रात्री १०:०२

ही ओळ काढू नका. कुणी कागद वाचवा म्हणालं तरी काढू नका.

---

जुना सर्व्हर | सोमवार, सकाळी ६:२०

२४ तास चालतील. एकदाच वापर आणि पाच चुकांची मर्यादा आहे तोवर मुदतीने फार फरक पडत नाही. मात्र नवा कोड काढला की आधीचा आपोआप बाद होतो ना, ते तपासा.

---

धारवाट | सोमवार, सकाळी ७:०५

तपासलं. होत नव्हता. आत्ता केला.